दोनदा उकडलेले बटाटे

माझा नवरा माझ्यासमोर हसायचा बंद झाला आणि एका ऑस्ट्रेलियन माणसासमोर हसू लागला, ही २०१६ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा न्यूझीलंडमधल्या मनुरेवात राहत होतो. किडन्या निकामी झाल्यामुळे नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागे. शेजारच्या खुर्चीत हा ऑस्ट्रेलियन असायचा. जन्मभर ट्रक चालवून आता मुलीकडे राहायला आलेला. आपल्या गावच्या छोट्याशा पेपरात तो स्वतःच्या आजारपणावर विनोदी लेख लिहायचा आणि पाठवण्याआधी माझ्या नवऱ्याला वाचून दाखवायचा.

"हार्ड केस आहे गं तो, एकदम मिश्कील," नवरा घरी येऊन सांगायचा. "म्हणतो, पहिल्या बायकोनेही रक्त शोषलं, पण हे मशीन निदान धुऊन परत देतं."

मला हसू यायचं नाही, राग यायचा. पूर्वी दिवाळी अंकातले विनोदी लेख मी मोठ्याने वाचायची आणि हा पोट धरधरून हसायचा. ते खातं माझ्याकडे होतं.

त्या माणसाचं म्हणणं असं, की त्यांच्याकडे दुष्काळ पडो नाहीतर पूर येवो, पेपरात त्यावर विनोदी लेख आला नाही तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं. आमच्याकडे उलटं. नवा फ्रीज आणला तेव्हा वॉरंटी कार्ड बघत नवरा म्हणाला होता, "हा माझ्यापेक्षा जास्त टिकणार."

"असलं अभद्र घरात बोलायचं नाही," मी म्हटलं आणि देवापुढे दिवा लावला. त्यानंतर तो घरात तसं काही बोलला नाही. खरं तर फारसं काहीच बोलला नाही.

एका दुपारी त्याला आणायला मी जरा लवकर पोचले. आत वाचन रंगलं होतं, म्हणून पडद्याआडच थांबले. लेखात शेजारच्या खुर्चीतल्या माणसाची बायको होती. किडनीच्या पथ्यासाठी ती म्हणे बटाटे दोनदा उकडते. पहिल्या पाण्यात पोटॅशियम जातं, दुसऱ्या पाण्यात बटाट्याची जगण्याची इच्छा. नर्ससुद्धा हसत होती. ऑस्ट्रेलियनाने तिला प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की हे वाक्य आपलं नव्हे, शेजारच्या याचं.

माझा नुसता जळफळाट झाला. बटाटे माझे, पातेलं माझं, नवरा माझा, आणि विनोद मात्र परक्याला. थट्टा केली याचं मला काही नव्हतं. मला आधी सांगितली नाही, याचं होतं.

गाडीत तो नेहमीसारखा गप्प बसून बाहेर बघत होता.

"तू गेल्यावर मी पहिलं काय करीन, माहितेय?" मी म्हटलं. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

"बटाटे एकदाच उकडीन. आणि वडे तळीन."

तो हसायला लागला. इतका हसला, की पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हाताने धरून ठेवावा लागला. कितीतरी महिन्यांनी ते हसू माझ्या वाट्याला आलं होतं. मीही हसले, थोडी रडलेही.

सिग्नलला गाडी थांबली. डोळे पुसत त्याने खिशातून फोन काढला.

"थांब, त्याला पाठवतो. पुढच्या लेखात घालेल."

मी हात पुढे करून फोन काढून घेतला.

"हा नाही द्यायचा," मी म्हटलं. "हा घरात राहू दे."