इंदुताईंचा अखंड दिवा

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवून बसणारं एकच घर मला माहीत आहे, आमच्या खालच्या मजल्यावरच्या इंदुताईंचं. कूलर आहे बरं का खिडकीत, पण शोभेला. बैठकीतच देवघर, तिथे अखंड दिवा, आणि वाऱ्यानं ज्योत हलते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांचे यजमान गिरिधरराव रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात होते. आत कुणाला सोडत नव्हते. बाईंनी घरी दिवा लावला आणि देवीला बोलून बसल्या, की हे परत आले तर ते असेपर्यंत हा विझू देणार नाही, तेल माझ्याच हातानं घालीन. गिरिधरराव आले. ठणठणीत आहेत, रोज तर्री-पोहे खायला बाहेर पडतात. अडकल्या त्या इंदुताई. सकाळी तेल, संध्याकाळी तेल, मधे जाऊन येता येईल तेवढंच त्यांचं जग. मला त्या नवसाचा राग येतो, आणि गिरिधररावांचा जरा जास्तच.

खाप्याला इंदुताईंची आई रंभाबाई अंथरुणाला खिळली आहे. खापा काही लांब नाही. इंदुताई सकाळी जातात, दिवेलागणीला परत. म्हातारीचं मागणं एवढंच, की एक रात्र माह्याजवळ झोप. ती एक रात्र काही निघत नाही.

परवा दुपारी मी विरजण मागायला गेले तर बैठकीत कूलरच्या ओल्या खसचा वास. गिरिधरराव दिवाणावर घोरत होते. इंदुताईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"दिवा विझला होता," त्या हळूच म्हणाल्या. "मी भाजी घेऊन आलो तं हे कूलर लावून झोपून राहिले. पहिले यायच्या छातीवर हात ठेवला मी."

"मग?"

"मंग काय, घोरून राहिले."

मला हसू आवरेना. "मग सुटल्या ना तुम्ही. आजच खाप्याले जा."

"मलेही तसंच वाटलं वं. इतकं हलकं वाटलं का लाजच वाटली. कूलर बंद केला, आन् पाहतो तं माह्याच हातानं काडी ओढली."

"काहून पण?"

"यायले सांगू कसं? कळलं तं रोज मरणाले भीत बसतील. आन् नाही सांगितलं, तं दिवा जळता ठेवाच लागते ना."

बाहेर गिरिधरराव उठले होते. डोळे चोळत त्यांनी दिव्याला हात जोडले आणि चहा मागितला.

तेवढ्यात खाप्याहून फोन आला. इंदुताईंनी तो कानाशी धरला. मग गॅसवर चहाचं आधण ठेवत म्हणाल्या, "नाही माय, रात्री नाही जमत. दिवा आहे ना घरी."