उजेडाच्या पेटीतले हात

नाव : जुबैदाबी अब्दुल गनी. वय : अंदाजे बावन्न. राहणार : राळेगाव, तालुका तोच, जिल्हा यवतमाळ. धंदा : बांगड्या भरणे. ओळखीची खूण : दोन्ही हातांवर पांढरे डाग.

यवतमाळच्या कातडीच्या दवाखान्यात कार्डावर एवढं लिहून झालं आणि डॉक्टर सुरभींनी हात बघायला मागितले. जुबैदाबीने ते ऐटीत पुढे केले. मनगटापासून नखांपर्यंत लालभडक मेंदी.

"मावशी, मेंदीतून उजेड आत कसा जाणार? इलाज चालू आहे तोवर मेंदी बंद."

"मंग काय उघडे ठेवू? लग्नसराईत?"

"हे कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही."

"मले ठावूक हाये. बायाइले कोण सांगन?"

प्रश्न वैद्यकीय नव्हता, म्हणून डॉक्टरांनी कार्डावर 'मेंदी बंद' एवढंच लिहिलं. अलीकडे मेंदी फिकी पडून डाग दिसले, की बांगड्यांसाठी हात पुढे करता करता बायांना गॅसवरचं दूध आठवू लागलं होतं.

पुढचं डॉक्टरांनी नीट सांगितलं. डोळ्यांवर काळा चष्मा, हात उजेडाच्या पेटीत, सुरुवातीला अर्धं मिनिट, मग हळूहळू जास्त. दुखत नाही. दुसऱ्या दिवशी कातडी जराशी गुलाबी होईल. फोड आला तर लगेच कळवायचं. आठवड्यातून दोनदा, कित्येक महिने. मनगटं लवकर ऐकतील, बोटं हट्टी असतात.

थोडक्यात, एसटीत येऊन-जाऊन तीन तास आणि पेटीत तीस सेकंद.

"उजेडच घ्याचा तं आंगनात बस," नवरा म्हणाला. "राळेगावचं ऊन काय कमी हाये?"

"त्या उजेडाले माप हाये. तुमच्या उनाले हाये काय?"

अब्दुल गनी पुन्हा सायकलच्या पंक्चरकडे वळले.

चार महिन्यांत मनगटांवर मूळ रंगाचे, तिळाएवढे तपकिरी ठिपके उगवले. जुबैदाबी ते रोज मोजायची. बोटं मात्र होती तशीच पांढरी. अशातच तिची जुनी गिऱ्हाईक विजयमालाताई लेकीला, समीक्षाला, घेऊन आली. चार दिवसांवर लग्न.

जुबैदाबीने हात पदराखाली घेतले. "ताई, मेंदी बंद हाये माही. डाग दिसतेत. पोरीले दुसरीकून भरून घ्या."

"माह्या लग्नात दुसरीच भरणारी होती. तीन टिचवल्या तिनं, अपशकुन म्हून सासू अजून बोलून दाखवते." विजयमालाताईने फतकल मारली. "तुह्या डागाइनं काच टिचते काय? काढ हात भायेर."

समीक्षाने हात पुढे केला. जुबैदाबीने तो आपल्या पांढऱ्या बोटांत धरला, दाबून मऊ केला.

हिरव्या एकवीस चढल्या. एकही टिचली नाही.