पाचला हवा बंद

शहागडला हायवेवर दादारावांचं पंक्चरचं दुकान होतं. संध्याकाळी पाच म्हणजे तिथं धंद्याची ऐन वेळ. ट्रक ओळीनं उभे असायचे, आणि नेमका तेव्हाच हा गृहस्थ कंप्रेसर बंद करायचा, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा, धुतलेला सदरा चढवायचा आणि चालू लागायचा. दाराशी पत्र्यावर खडूनं लिहिलेलं होतं, 'पाचला हवा बंद'. ड्रायव्हर शिव्या घालायचे. दादाराव सांगायचे, "हवा सकाळी बी मिळंल, भाऊ. म्हाताऱ्या माणसाचा वखत मिळायचा न्हाई."

तो म्हातारा माणूस म्हणजे माझे वडील. गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक म्हणून त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर अर्धांगवायूनं खाटेला खिळले. गाव सोडायला ते तयार नव्हते. आईच्यानं त्यांना उचलवत नसे. मी जालन्यात एका बियाणे कंपनीत कारकून, रविवारी एस.टी.नं यायचो आणि जेवून परत जायचो. दादाराव मात्र रोज यायचे. "सलाम, पाळकसाहेब" म्हणून आत शिरायचे, बाबांचं अंग पुसायचे, कपडे बदलायचे, मग ओळीवर बोट फिरवत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचे. मंडळीतली माणसं माझ्या तोंडावर म्हणायची, "पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं." मी हसून मान डोलवायचो आणि आतून जळायचो. खोटं कशाला सांगू?

ही जळजळ जुनी होती. एक्याऐंशी साली मी दहावीत होतो आणि दादाराव पक्के दारुडे. पाच वाजले की त्यांचे पाय आपसूक गुत्त्याकडे वळायचे. म्हणून बाबा रोज पाचला त्यांच्या दुकानी जाऊन जुन्या टायरावर बसायचे, गुत्ता बंद होईपर्यंत. नुसतंच काय बसायचं, म्हणून त्यांना अक्षरं शिकवायचे. असं दीड वर्ष चाललं. दारू सुटली, दादाराव वाचायला लागले आणि मी गणितात काठावर सुटलो. एकदा मी बाबांना चिडून विचारलं होतं, "माझ्याजवळ कधी बसणार?" बाबा म्हणाले, "तुझं गणित चुकलं तर उद्या परत सोडवता येईल. त्याचा एक दिवस चुकला तर सगळंच गेलं." त्यांचं चुकत नव्हतं, हे तेव्हाही कळत होतं. म्हणूनच राग जास्त यायचा.

बाबा खाटेला खिळल्यावर मी एक डाव टाकला. आमच्या कंपनीच्या गाड्यांच्या शेडमध्ये माणूस हवा होता. पक्की नोकरी, वर राहायला दोन खोल्या. मी साहेबांपुढे दादारावांचं नाव टाकलं. सगळ्यांनी माझी वाहवा केली. माझ्या मनात एवढंच होतं, की हा माणूस बाबांच्या खाटेपासून हलावा. त्यांची बायको रत्नाबाई हरखून गेली होती. त्यांच्या घराचं छप्पर गळत होतं आणि पोरीचं लग्न तोंडावर आलं होतं. दादारावांनी हात जोडले. "लई मोठं काम केलं तुम्ही, वसंतराव. पन पाळकसाहेब माझ्यापायी दीड वरीस टायरावर बसले. आता मी कसा उठू?" रत्नाबाई त्यांच्याशी दोन महिने बोलली नाही. ते पाचला येतच राहिले.

बाबांचं अगदी शेवटाला आलं तेव्हा मी आठवड्याची रजा काढून गेलो. पहिल्याच दिवशी दुकानी जाऊन सांगितलं, "आज येऊ नका. मी आहे." दादारावांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "बराबर हाय. वडील तुमचे हायेत."

पाच वाजले. डोळे मिटलेलेच ठेवून बाबांनी हाक मारली, "दादाराव, आलास?"

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. त्यांनी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा मला राहवलं नाही. म्हणालो, "आलो, पाळकसाहेब."

"मग वसंताची प्रार्थना घे. रोजची."

माझ्या नावाची रोज प्रार्थना होते, हे मला ठाऊकच नव्हतं. मग तिचे शब्द कुठून येणार? मी बाबांचा हात धरला आणि म्हणालो, "हे प्रभो, वसंताला..." पुढचं काही येईना. बराच वेळ वाट पाहून बाबाच "आमेन" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

माती देऊन परतताना दादारावांनी हळूच विचारलं, "काल पाचला साहेब काही बोलले का?"

मी म्हणालो, "नाही." बाबांच्या एवढ्या संध्याकाळी या माणसाकडे गेल्या होत्या. शेवटची तरी मला एकट्याला हवी होती.

आठ-नऊ वर्षांनी कंपनीच्या जीपमधून दौऱ्यावरून जालन्याला परतताना शहागडलाच टायर बसला. पाच वाजून गेले होते. पत्र्यावर तीच अक्षरं होती आणि कंप्रेसर बंद. दादाराव पार थकले होते, पण सदरा धुतलेला होता.

"आता कुणासाठी बंद करता?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी," ते म्हणाले. "साहेब गेले. मंग तुमची प्रार्थना कोन करंल?"

तिथं उभ्या उभ्या मी सगळं सांगून टाकलं. नोकरीचा डाव, ती हाक, मी दिलेली ओ, माझं खोटं 'नाही'. वाटलं, आता तरी हा माणूस रागावेल. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

दादारावांचे डोळे भरून आले. "म्हंजी त्या दिवशी बी नागा झाला न्हाई? इतकी वर्सं मला तीच रुखरुख व्हती, की एक दिवस चुकला." मग समोरच्या जुन्या टायराकडे बोट करून म्हणाले, "बसा."

मी बसलो. त्यांनी डोळे मिटले. पुढचे शब्द त्यांच्या बोलीतले नव्हते, बाबांचे होते, जसेच्या तसे.

"प्रभो, वसंताला माझी गरज होती तेव्हा मी दुसऱ्याच्या दारात बसलो होतो. आता तू त्याच्याजवळ बस."

या खेपेला "आमेन" मी म्हणालो.