ताईचं सोळा, भावाचं दहा

त्याला सगळे डक्टवाला म्हणत. एसीची हवा खेळवणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे करण्यात त्याची पस्तीस वर्षं गेली होती. कुठल्या कामात किती पत्रा वाचवता येईल, हे त्याला पत्र्याकडे नुसतं बघून कळायचं.

त्याची थोरली बहीण टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. तिला आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा आवाज, म्हणजे त्याच्या रेडिओ लाटा, पकडायचा होता. त्यासाठी पत्र्याचा मोठा कर्णा आणि त्याच्या बुडाशी चौकोनी नळी हवी होती. ताईने कागदावर लिहून दिलं: नळी आतून सोळा बाय आठ सेंटिमीटर.

दुकानात दहा बाय आठचा तयार तुकडा पडून होता. तोच त्याने कर्ण्याला जोडला. हवेला सहा सेंटिमीटरने काय फरक पडतो? कर्णा गच्चीवर बसवला, वायर खाली आणून दिली. ताईचे गुडघे गेलेले; ती काही जिना चढणार नव्हती.

तीन आठवडे संगणकावर नुसती सपाट रेघ येत राहिली. ताईने स्वतः जोडलेल्या रेडिओ-यंत्राचे सोल्डरचे टाके दोनदा उकलून पुन्हा घातले. एका दुपारी तो गेला, तेव्हा ती भिंग डोळ्याला लावून बसली होती. हात थरथरतो हल्ली, माझ्याकडूनच काहीतरी चुकतंय, असं ती म्हणाली. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, नळी दहाची आहे," तो म्हणाला.

तिने भिंग बाजूला ठेवलं. मग पट्टी घेऊन तिने त्याला समजावलं. ही लाट एकवीस सेंटिमीटरची. नळीची रुंद बाजू लाटेच्या निम्म्याहून, म्हणजे साडेदहाहून जास्त हवी. कमी असली तर लाट आत शिरून थोड्या अंतरातच विरून जाते. अगदी काठावरही भागत नाही, म्हणून ऐसपैस सोळा.

"मला वाटलं, हिशेब चुकेल या भीतीने तू जास्तीचं लिहिलंस."

"आणि तू केलेलं काम मोजून बघायचं असतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही."

रागावली असती तर बरं, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलंच नाही. कोरा पत्रा काढला, सोळाची नळी वाकवली, आतले सांधे बोटाने चाचपून पाहिले आणि गच्चीवर जाऊन जुनी नळी उपटली.

त्या संध्याकाळी, उजेड असतानाच, सपाट रेघेच्या मधोमध एक उंचवटा आला. बेताचाच, चादरीखाली लिंबू ठेवावं तेवढा.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

त्याने खुर्ची जवळ ओढली. आकाशगंगा डोक्यावरून सरकत गेली तसा उंचवटा हळूहळू बसत गेला. तो पुरता बसेपर्यंत दोघं रेघेकडे बघत राहिली.