चाचांच्या माळ्यावरची बाळंतीण

करवीरच्या महाराजांच्या पागेत जेवढी जनावरं होती, त्याहून जास्त आमच्या शेजारच्या चाचांच्या घरात होती, असं मी पैजेवर सांगतो. चाचा पागेची खोगिरं शिवत. दिवसभर चामड्यात दाभण खुपसणारा हा माणूस घरी आला की मुंगीलाही वाट देई. दिव्याच्या कोनाड्यात चिमणीनं घरटं केलं, तर चाचा पिल्लं उडेपर्यंत अंधारात जेवले. दाराच्या चौकटीवर गांधीलमाश्यांनी पोळं धरलं, तेव्हा पागेच्या लठ्ठ कारकुनांना त्यांनी अदबीनं सांगितलं, "साहेब, जरा खिडकीतनं या. दारात बिऱ्हाड हाय." साहेब निमूटपणे चढले आणि अर्ध्यावर अडकले. त्यांना आतून ओढायला मीच होतो.

पण चाचांची खरी परीक्षा लेकीच्या पहिल्या बाळंतपणात झाली. ती गारगोटीहून माहेरी यायची होती. चाचींनी मागची खोली सारवून ठेवली आणि नेमकं त्याच खोलीच्या माळ्यावर उदमांजर व्यायलं. तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर रानचं जनावर नको म्हणून चाचींनी काठी उचलली. चाचा शिडीला पाठ लावून उभे राहिले.

"बाळंतीण हाय ती. चाळीस दिस हलवायचं न्हाई."

"आन् माझी लेक?"

"तिला सांगावा धाडतो, जरा दमानं ये म्हणून."

"बाळंतपण दमानं येतंय व्हय?"

लेक चाचांचा जीव की प्राण, आणि माळ्यावरचीलाही हाकलवत नव्हतं. दोन दिवस त्यांना घास गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी ते महाराजांचे शिकारी चित्ते ठेवलेल्या दरबारच्या चित्तेखान्यात गेले आणि चित्त्याच्या अंथरुणाची एक उग्र वासाची चिंधी घेऊन आले. "हाकललं तर पोरं टाकून पळंल. तिलाच वाटाय पायजे, हितं ऱ्हावू नये," असं म्हणून त्यांनी चिंधी माळ्याच्या कोपऱ्यात ठेवली, दोन कौलं सरकवून वाट मोकळी केली आणि आम्ही परड्यात जाऊन बसलो. दिवेलागणीला ती निघाली, तोंडात पिल्लाचं मानगूट. एक नेलं, दुसरं नेलं. तिसऱ्यासाठी मात्र येईना. चाचा पुटपुटत होते, "ये गं बाई, ये." अखेर ती आली. तिसरंही नेलं, थेट आमच्या माळ्यावर. आमच्या आईनं कपाळाला हात लावला, पण काठी काही उचलली नाही.

लेकीला मुलगी झाली. चाचा सकाळी नातीला खेळवत आणि संध्याकाळी माळ्यावरचीला केळं घेऊन आमच्याकडे येत. तिसरा महिना सरल्यावर जावई गाडी घेऊन आले. लेकीला चाचांनी हसत निरोप दिला. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे केळं घेऊन आले, तर आई म्हणाली, "गेली ती, चाचा. पोरं घेऊन गेली."

चाचा आमच्या ओट्यावर बसले. "सांगून तरी जायचं की," एवढंच म्हणाले आणि मग मुसमुसून रडले. आई आत गेली आणि त्यांच्यासाठी गूळपाणी घेऊन आली.