पाहाबाई आणि तीन हजार लिंका

ऑफिसात तिला सगळे पाहाबाई म्हणत. कंपनी डेटाबेसचं सॉफ्टवेअर बनवायची आणि तिच्याकडे त्याचं मॅन्युअल लिहायचं काम होतं. एकोणीस वर्षांत "अधिक माहितीसाठी अमुक पान पाहा" हे वाक्य तिनं इतक्या वेळा लिहिलं, की तेच तिला चिकटलं. त्याचा तिला राग नव्हता. मॅन्युअल कुणी सुखासुखी वाचत नाही. गाडं अडलं की उघडतात, सुटलं की मिटतात, हे तिला ठाऊक होतं.

एका मंगळवारी सकाळी सपोर्टवाल्यानं तिला टेबलाशी बोलावलं. फोनवर एका रक्तपेढीतला तंत्रज्ञ होता. त्यांचं मशीन बंद पडलं होतं. बॅकअप हाताशी होता, पण तो परत कसा चढवायचा ते उमगत नव्हतं. माणूस अगदी शांतपणे बोलत होता, म्हणूनच ऐकवत नव्हतं.

"मी 'बॅकअप परत आणणे' उघडलं. तिथं म्हटलंय, आधी सेवा कशी थांबवायची ते पाहा. तिथं गेलो, तर लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, कुठे ठेवायचा ते पाहा. तिथं गेलो, तर पुन्हा 'बॅकअप परत आणणे' पाहा. अहो, दीड तास गोल गोल फिरतोय मी. बाहेर नातेवाईक उभे आहेत आणि इथे आम्ही पिशव्या एकेक करून हातानं शोधतोय."

सपोर्टवाल्यानं वीस मिनिटांत त्याला मार्गी लावलं. पाहाबाई मागे उभी राहून ऐकत होती. तिन्ही पानं तिचीच होती.

संध्याकाळी तिनं हे थोरल्या बहिणीला सांगितलं. ताई निवृत्त नर्स. दोघी एकत्रच राहायच्या. ताईच्या जिभेला हाड नव्हतं.

"म्हणजे तू माणसांना या खिडकीवरून त्या खिडकीवर पिटाळतेस," ताई मटार सोलता सोलता म्हणाली. "आमच्याकडे एक कारकून होता तसा. पाठवलं की त्याचं काम झालं."

"तसं नाही गं. एकच गोष्ट दहा ठिकाणी लिहिली, की एकीकडे बदलल्यावर बाकीच्या नऊ खोट्या पडतात."

"मग निदान कशाला पाठवतेस ते तरी सांग! म्हणजे जायचं की नाही ते माणूस ठरवेल."

दुसऱ्या दिवशी पाहाबाईनं साहेबांना गाठून मॅन्युअलमधले सगळे 'पाहा', म्हणजे लिंका, एकेक करून तपासायला वेळ मागितला. नवी आवृत्ती तोंडावर आली होती, त्यामुळे साहेबांनी आधी नाक मुरडलं, मग आठवड्यातला शुक्रवार तेवढा दिला.

लिंका मोजल्या, तर तीन हजार एकशे चाळीस निघाल्या. प्रत्येकीवर ती थांबली. जिथं दोन ओळींत भागत होतं, तिथं 'पाहा' काढून त्या दोन ओळी लिहिल्या. उरलेल्यांपाशी तिकडे काय मिळेल आणि कुणी जायचं, ते स्पष्ट केलं. 'बॅकअप परत आणणे' एकाच पानावर सलग मांडलं. ज्या पानांकडे एकही लिंक जात नव्हती, अशी चाळीस जुनी पानं काढून टाकली. पाच महिने गेले.

नवं मॅन्युअल चढलं आणि तिसऱ्या दिवशी फोन खणखणू लागले. डिस्क भरली, की सॉफ्टवेअर एरर दाखवायचं आणि त्याखाली मॅन्युअलच्या एका पानाचा पत्ता द्यायचं. ते पान काढलेल्या चाळिसांत होतं. तिनं लिंका फक्त मॅन्युअलमध्ये शोधल्या होत्या. सॉफ्टवेअरच्या पोटात असतील, हे ध्यानातच आलं नव्हतं.

पान सर्व्हरवरून उडालं असं समजून साहेब सर्व्हरवाल्यांवर डाफरत होते. ती मध्येच म्हणाली, "त्यांना बोलू नका. पान मी काढलं."

दहा मिनिटांत तिनं पान परत चढवलं आणि तडक प्रोग्रामरांच्या खोलीत गेली.

"तुमच्या एररमध्ये मॅन्युअलचे पत्ते किती आहेत?"

"असतील दहा-बारा," एकजण स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला.

शोधल्यावर दोनशे चौदा सापडले. तिनं पानं काढायच्या कितीतरी आधीपासून त्यांतले सदतीस पत्ते कुठेच जात नव्हते, आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं. तेव्हापासून आवृत्ती बाहेर पडण्याआधी प्रत्येक लिंक मशीननं तपासायची, एक जरी तुटकी निघाली तरी आवृत्ती थांबवायची, असं ठरलं. प्रोग्रामर कुरकुरले, पण साहेब या वेळी तिच्या बाजूनं उभे राहिले.

सदतीसांतल्या चार एररचा अर्थ मात्र कंपनीत कुणालाच सांगता येईना. त्या लिहिणारा प्रोग्रामर नोकरी सोडून मधमाश्या पाळत होता. पाहाबाईनं नंबर मिळवून त्याला फोन केला. तीन त्याला आठवल्या. चौथीपाशी तो अडला.

"ती कधी येणारच नाही असं वाटलं होतं हो," तो म्हणाला.

तिनं त्या पानावर 'हा संदेश दिसल्यास सपोर्टला फोन करा' एवढंच लिहिलं, खाली नंबर दिला, आणि तो लागतो की नाही हे बघायला स्वतःच फिरवला.