निळ्या नखांची उलटतपासणी

ती कविता वाचून मी रडलो होतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायको होती तेव्हा तिलासुद्धा नाही.

उल्हासनगरच्या कोर्टात वकिली करतो. त्याच्या जोडीला पुस्तकांची परीक्षणं लिहितो. कवितेलाही मी साक्षीदारासारखं पिंजऱ्यात उभं करतो, असं लोक कौतुकाने म्हणायचे. मलाही ते आवडायचं.

बार रूममध्ये माझ्याच टेबलावर बसणाऱ्या मित्राचा कवितासंग्रह आला. त्याची आई जीन्स धुण्याच्या कारखान्यात आयुष्यभर राबली. ती गेल्यावर तिला शेवटची आंघोळ घालताना नखांतला निळा रंग काही केल्या निघेना, एवढीच ती कविता.

माझी आई अंबरनाथच्या घरी वारली तेव्हा मी बाहेर ओट्यावर माणसांशी बोलत उभा होतो. आंघोळ इतरांनी घातली. ती कविता वाचली आणि आईचे हात डोळ्यांपुढे आणायला गेलो, तर येईनात. तेव्हा रडलो. मग डोळे पुसले आणि परीक्षण लिहायला बसलो.

'हे कवीने पाहिले आहे की ऐकले आहे? रंग इतका टिकतो का? दुःख सिद्ध होत नाही.' दिवाळी अंकात छापून आलं.

दुसऱ्या दिवशी तो भर बार रूममध्ये हसत म्हणाला, "काय रे वकिला, माझा साक्षीदार फोडलास की!"

सगळे हसले. मीही हसलो. हसणं ओसरल्यावर तो डब्याचं झाकण लावत हळूच म्हणाला, "हात मीच धुतले होते रे तिचे."

मी पुढच्या केसचे कागद चाळत राहिलो.

त्यानंतर त्याचं पुस्तक आलं नाही. आम्ही मात्र अजून एकाच टेबलावर जेवतो. संध्याकाळी मी खरवईच्या फ्लॅटवर येतो, कुलूप काढतो, आणि दिवसभरात न बोललेलं घरभर होतं.

मागच्या महिन्यात धीर करून विचारलं, "हल्ली लिहितोस का?"

"तुला पुरावा लागतो, बाबा. आमची माणसं मेलेली. त्यांना समन्स कुठल्या पत्त्यावर काढू?" मग दाल आणि कुरकुरीत पकवानची पुडी माझ्याकडे सरकवली. "खा. मऊ पडतंय."

बोलायची हीच वेळ होती. मी पकवान मोडलं आणि खाल्लं.

ती कविता खरी होती, आणि ते मला पहिल्याच वाचनात कळलं होतं. हे मी त्याला तोंडावर सांगायला हवं, आणि छापूनही, कारण नाकारलं होतं ते छापूनच. यातलं छापायचं आज या लेखाने झालं. त्याच्यासमोर बसून सांगायचं अजून बाकी आहे.